पिकली तरी आंबट

कैरी आंबट आणि आंबा गोड, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की चिंच पिकूनही आंबट का राहते, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. कैरीतलं आम्ल मुख्यतः सायट्रिक. फळ पिकताना ते श्वसनात खर्ची पडतं. चिंचेतलं आम्ल टार्टारिक, द्राक्षात असतं तेच. ते पिकताना फारसं मोडत नाही. साखर मात्र वाढत जाते. पिकलेल्या गरात साधारण ८ ते १८ टक्के टार्टारिक आम्ल असतं आणि साखर त्याच्या दुपटीहून जास्त भरू शकते. चिंच गोडच असते. आम्ल ते जिभेला कळू देत नाही.

टरफल गरापासून सुटू लागलं, पण गर अजून पुरता तपकिरी झालेला नाही, ती गाभुळलेली चिंच. साखर वाढायला लागलेली, आम्ल जागच्या जागी. शाळेबाहेरच्या टोपलीत तिचा भाव पिकलेल्या चिंचेपेक्षा चढा असायचा, तो उगाच नव्हे.

चिंच मूळची आफ्रिकेतली. ती शेंगवर्गीय, पण फूल तुरी-वालासारखं फुलपाखरी नाही. जूनच्या सुमारास एखादं हातात घेऊन पाहा: तीन पिवळट पाकळ्या, त्यांवर लाल शिरांची जाळी. उरलेल्या दोन पाकळ्या इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. मुळांचंही तसंच. तुरीच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. चिंचेच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. त्यामुळे ‘शेंगवर्गीय आहे, नत्र आपोआप मिळेल’ या भरवशावर बाग लावू नये. शेणखत घालावंच लागतं.

लागवडीत खरी मेख आहे रोपाची. चिंचेत परपरागण होतं, म्हणजे एका झाडाच्या फुलाला दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात, म्हणून एकाच झाडाच्या चिंचोक्यांपासून वाढवलेली झाडं एकसारखी निघत नाहीत: एकाचा आकडा लांब आणि गरदार, दुसऱ्याचा नुसता टरफल-चिंचोका. शिवाय पहिलं फळ दिसायला सात-आठ वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. कलमाला चार-पाच वर्षांत फळ लागतं आणि मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरतात. मराठवाड्यातलं ‘प्रतिष्ठान’ आणि तमिळनाडूतलं ‘पीकेएम-१’ हे निवडीतून आलेले वाण कलमांनीच वाढवतात. दोन झाडांत १० मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी १०० झाडं बसतात. पहिली काही वर्षं मधल्या जागेत मूग, उडीद घ्यावेत. एकदा मुळं खोल गेली की हलक्या, कोरड्या जमिनीतही झाड तग धरतं. पहिले दोन-तीन उन्हाळे मात्र पाणी लागतं. दरवर्षी सारखा बहर येईल असंही धरू नये. एका वर्षी झाड लदबदतं, पुढच्या वर्षी हात आखडता घेतं.

फुलापासून आकडा तयार व्हायला आठ-दहा महिने जातात. खर्च खरा तिथून पुढे. झाडावर चढून फांद्या हलवायच्या, वेचायचं, टरफल काढायचं, चिंच फोडून चिंचोके वेगळे करायचे. हे काम बहुतेक बायकांच्या हाताचं आणि वेळखाऊ. चिंचोकेही वाया जात नाहीत. त्यांच्या पिठातला डिंकासारखा पदार्थ कापडाच्या सुताला खळ म्हणून चालतो, आणि तोच शुद्ध करून डोळ्यांच्या काही थेंबांतही वापरतात.

गर ठेवताना हवा लागली की तो काळा पडतो आणि काळ्या चिंचेला भाव कमी. थंड जागी, हवाबंद ठेवला तर तांबूस रंग बराच काळ टिकतो.