अरण्यातला पितळी साप आणि तो फोडणारा राजा : पार्श्वभूमी

इस्राएल लोकांच्या अरण्यप्रवासातून काय शिकायचे, यावर यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेत दोन हजारांहून अधिक वर्षे खल चालू आहे. मान्ना (आकाशातून पडलेले अन्न), खडकातून निघालेले पाणी, सोन्याचे वासरू यांच्यावरची उत्तरे साधारण ठरून गेली आहेत. पितळी सापाचे तसे झालेले नाही. देवाच्या सांगण्यावरून इस्राएलांचा नेता मोशे याने साप चावलेल्यांना वाचवण्यासाठी घडवलेली ही वस्तू पुढे यहूदाच्या हिज्कीया राजाने फोडली, आणि बायबलमध्ये या दोघांचाही गौरव आहे. घडवणे बरोबर होते, फोडणेही बरोबर होते. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा, हा या विषयातला खरा अवघड भाग आहे.

अरण्यातली उपासना उचलून नेण्याजोगी होती, हे आधी लक्षात घ्यायला हवे. निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, ४८ फळ्या, खांब आणि बैठका वाहायला मरारी या लेवी (सेवेकरी) घराण्याला चार गाड्या आणि आठ बैल मिळाले. पडदे व आच्छादने नेणाऱ्या गेर्षोन घराण्याला दोन गाड्या आणि चार बैल. कहाथ घराण्याला गाडी मिळाली नाही, कारण सर्वात पवित्र वस्तू खांद्यावरच न्यायच्या होत्या. मंडपावरचा ढग उठला की तळ हलायचा. मग मुक्काम दोन दिवसांचा असो, महिन्याचा असो किंवा त्याहून लांब. या व्यवस्थेत वस्तूंना मान होता, पण मान मिळालेली वस्तू उद्या पुन्हा बांधून निघायची होती. हात-पाय धुण्याचे गंगाळ मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांतून ओतलेले होते. कोरहाने मोशेविरुद्ध केलेल्या बंडातल्या धुपाटण्यांचे ठोकून पत्रे केले आणि ते वेदीला मढवले. धातू तोच राहायचा, काम बदलायचे.

जपून ठेवण्याबद्दलही तिथे एक शिस्त दिसते. दुसऱ्या दिवसासाठी साठवलेला मान्ना किडला, पण पुढच्या पिढ्यांना दाखवण्यासाठी त्यातला एक ओमर (एक माप) आज्ञेनुसार पात्रात ठेवला गेला. मोशेचा भाऊ अहरोन याची कळ्या फुटलेली काठीही आज्ञेनुसारच ठेवली. साप जपून ठेवण्याची आज्ञा मात्र गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात कुठेही नाही. तो ध्वजकाठीवर लावायचा आणि साप चावलेल्या माणसाने त्याच्याकडे पाहायचे, एवढेच सांगितले आहे. होर डोंगर सोडून, अदोमाला वळसा घालून चाललेल्या, अन्नाला कंटाळलेल्या लोकांवर आलेल्या त्या संकटापुरता तो उपाय होता. पुढचाच मुक्काम ओबोथ, आणि तिथे सापाचा उल्लेखही नाही. तो कुणी उचलून घेतला, कुठल्या गाडीत टाकला, कनानात कुणाच्या हाती आला, याबद्दल ग्रंथ गप्प आहे. शलमोनाने मंदिर अर्पण केले तेव्हा कोशात, म्हणजे सर्वात पवित्र पेटीत, दोन दगडी पाट्यांखेरीज काही नव्हते, असे १ राजे ८:९ स्पष्ट सांगते.

मग कित्येक शतकांनी, इसवीसनपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीच्या यहूदात, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यात, तो अचानक समोर येतो. २ राजे १८:४ सांगते की हिज्कीयाने उच्चस्थाने (उंचावरची उपासनास्थळे) काढली, स्तंभ फोडले, अशेरा देवीची मूर्ती तोडली आणि मोशेने केलेल्या पितळी सापाचे तुकडे केले, कारण तोवर इस्राएल लोक त्याच्यापुढे धूप जाळत असत. नहुश्तान हे त्याचे नाव लोकांनी प्रेमाने ठेवले होते की राजाने तुच्छतेने, हे वाक्यरचनेवरून ठरत नाही. हीच कारकीर्द सविस्तर सांगणाऱ्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात मंदिराची शुद्धी आहे, वल्हांडण सण आहे, लेव्यांच्या नेमणुका आहेत, पण सापाचे नावही नाही. म्हणजे सगळा भार एका वचनावर आहे.

या निर्णयाकडे त्या काळाच्या राजकारणातून पाहणारे अभ्यासक बरेच आहेत. इसवीसनपूर्व ७२२ च्या सुमारास उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरच्या हाती पडली होती. हिज्कीयाच्या बापाने, आहाजाने, अश्शूरच्या राजापायी मंदिरातला गंगाळसागर (पाण्याचे प्रचंड पात्र) पितळी बैलांवरून खाली उतरवला होता. खुद्द हिज्कीयाने पुढे मंदिराच्या दारांचे सोने खरवडून खंडणी भरली, आणि तेही याच अठराव्या अध्यायात आहे. तेव्हा उपासना यरुशलेमेत एकवटणे ही राजाची गरज होती, असा एक पक्ष. दुसरा पक्ष म्हणतो की साप मुळात यरुशलेमेतल्या जुन्या कनानी पूजेतला असावा आणि मोशेची कथा त्याला नंतर जोडली गेली. तिसऱ्या पक्षाच्या मते पुढच्या काळातल्या योशीया राजाच्या, म्हणजे इसवीसनपूर्व ६२२ च्या सुधारणेचा रंग मागच्या राजाला चढवला आहे.

पहिल्या पक्षात तथ्य आहे. पण राजकारण होते म्हणून श्रद्धेचा प्रश्न नव्हता, असे म्हणता येत नाही. याच अध्यायात अश्शूरचा दूत यरुशलेमेच्या तटावरच्या लोकांना त्यांच्याच भाषेत ऐकवतो, की ज्या देवावर तुम्ही भरवसा ठेवता त्याचीच उच्चस्थाने आणि वेद्या हिज्कीयाने काढून टाकल्या ना? शत्रूने नेमकी दुखरी जागा पकडली होती. सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर राजाने परक्या दैवताची वस्तू फोडलेली नव्हती. आजोबा-पणजोबांनी जिच्यापुढे धूप लावला ती, मोशेच्या हातची म्हणून पूज्य असलेली वस्तू फोडली होती. बआल या परक्या दैवताची वेदी पाडण्याहून हे फार कठीण, आणि म्हणूनच ही कथा जास्त खोल जाते.

जमिनीतून निघालेला पुरावा गेल्या साठ वर्षांतला आहे. अराबा खोऱ्यातल्या तिम्ना इथे, तांब्याच्या खाणींजवळ, एका मिसरी (इजिप्शियन) देवळाच्या जागी नंतर उभारलेल्या तंबूवजा देवस्थानात सोन्याचा मुलामा दिलेल्या डोक्याचा तांब्याचा साप सापडला. लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, काळ इसवीसनपूर्व बाराव्या शतकाच्या आसपास. तो मोशेचा साप नव्हे. मात्र त्या प्रदेशात, त्या काळात, तंबूतल्या उपासनेत तांब्याचा साप असू शकत होता, एवढे त्यावरून कळते.

यहूदातल्या बैर-शेबा इथला शोध हिज्कीयाशी अधिक जवळचा. १९७३ साली तिथल्या एका कोठाराच्या भिंतीत, साध्या बांधकामाच्या दगडांमध्ये, काही निराळे दगड दिसले. घडीव वाळूखडक, आणि त्यांतल्या काहींना वर निमुळती होत गेलेली शिंगे. ते शिंगे असलेल्या मोठ्या वेदीचे दगड निघाले. जुळवल्यावर उंची सुमारे १.६ मीटर झाली. त्यांतल्या एका दगडावर वेटोळे घेत सरपटणारा साप कोरलेला आहे. वेदी घडीव दगडांची असू नये, अशी निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली आज्ञा. इथे दगड तर घडीव होतेच, वर साप कोरला होता, आणि ती वेदी कधीतरी उकलून भिंतीत घातली गेली. ही उकल हिज्कीयाच्या आज्ञेनेच झाली, असे अनेकांनी मानले. इतरांनी थरांच्या कालमापनावर बोट ठेवून ते नाकारले. यहूदातल्याच अरादच्या देवळातल्या दोन धूपवेद्या काळजीपूर्वक आडव्या करून बुजवलेल्या सापडल्या. ती सुधारणा की शत्रूपासून लपवणूक, हाही वाद मिटलेला नाही. लाखीश या यहूदी शहराच्या वेशीतल्या खोलीत वेद्यांची शिंगे छाटलेली आहेत आणि एक दगडी शौचासन बसवलेले आहे. बआलाच्या देवळाचा येहू राजाने शौचकूप केला, त्या २ राजे १०:२७ ची आठवण तिथे होतेच. माझे मत असे की या तिन्ही ठिकाणांपैकी एकही निर्णायक नाही, पण उपासनेच्या वस्तू यहूदातल्या लोकांनीच मोडल्याची शक्यता आता कुणाला सहज झटकता येणार नाही.

शलमोनाचे मंदिर गेल्यावर या प्रसंगाचा अर्थ लावण्याचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले. ग्रीक भाषेतल्या एका यहुदी ज्ञानग्रंथाने म्हटले की वळून पाहणारा वाचला तो पाहिलेल्या वस्तूमुळे नव्हे, सर्वांच्या तारणाऱ्यामुळे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाने विचारले, साप मारतो का, साप जगवतो का? आणि उत्तर दिले की लोक वर पाहून आपले हृदय स्वर्गातल्या पित्याच्या अधीन करत तेव्हा बरे होत, नाहीतर झिजून जात. हिज्कीयाच्या सहा कृत्यांचा जुना हिशेब रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, जपला आहे. त्यांतली तीन ज्ञानी लोकांना मान्य झाली, तीन झाली नाहीत. मंदिराची दारे कापून अश्शूरला पाठवणे अमान्य, गीहोन झऱ्याचे पाणी बुजवणे अमान्य, निसान या यहुदी महिन्याची फेरगणती अमान्य. मान्य झालेल्यांत सापाचा चुरा करणे आणि औषधोपचारांचे पुस्तक लपवून ठेवणे शेजारी-शेजारी येतात. ही जोडी मला अतिशय महत्त्वाची वाटते. दोन्ही गोष्टी बरे करणाऱ्या होत्या. रब्बींचा आक्षेप औषधावर नव्हता, औषध हाती आल्यावर प्रार्थना थांबते यावर होता.

आसा आणि यहोशाफाट या आधीच्या भल्या राजांनी साप का फोडला नाही, हा प्रश्नही तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात आहे. उत्तर असे, की पूर्वजांनी हिज्कीयाला काही करून दाखवण्यासाठी जागा शिल्लक ठेवली. पूर्वजांची निंदा न करता त्यांची चूक दुरुस्त करण्याची इतकी सभ्य वाट दुसरीकडे क्वचितच सापडते.

ख्रिस्ती वाचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायावर उभे राहिले. मोशेने अरण्यात साप उंच केला, तसे मनुष्याच्या पुत्राला, म्हणजे येशूला, उंच केले जाणे अगत्याचे आहे. यामुळे साप क्रूसाची छाया ठरला आणि फोडण्याचा प्रसंग मागे पडला. तो परत आला भांडणांत. आठव्या-नवव्या शतकातल्या प्रतिमांवरच्या बायझंटाइन वादात प्रतिमांच्या बाजूचे मोशेकडे बोट दाखवत, विरोधक हिज्कीयाकडे. सोळाव्या शतकात युरोपातल्या चर्चमधले पुतळे आणि चित्रे उतरवणाऱ्या सुधारकांनी पुन्हा हिज्कीयाचाच दाखला दिला. प्रत्येकाने आपल्याला हवा तो अर्धा भाग घेतला. मिलानच्या संत अँब्रोज बॅसिलिकात अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलहून आलेला कांस्याचा साप आजही एका खांबावर आहे. हाच मोशेचा साप, अशी लोकश्रद्धा त्याच्याभोवती जमली. २ राजे १८:४ मधल्या तुकड्यांचे मग काय झाले, हा प्रश्न त्या श्रद्धेला अडवू शकला नाही.

आज उपासनेत हा प्रसंग कसा कानावर येतो, तेही पाहायला हवे. १४ सप्टेंबरच्या पवित्र क्रूसाच्या सणाला वसईतल्या मराठी मिस्सेतही, जगभरातल्या कॅथलिक चर्चप्रमाणे, गणनेचा एकविसावा अध्याय आणि योहानाचा तिसरा अध्याय या पाठांची जोडी असते. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी गणनेचा तोच भाग पुन्हा येतो. मुंबई-कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले यहुदी, सभास्थानात तोराचा हा भाग ऐकतात तो हुक्कत या पाठाच्या शब्बाथाला (शनिवारी), आणि त्याला जोडून संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून इफ्ताह या न्यायाधीशाची कथा वाचली जाते. २ राजे १८:४ या दोन्ही वाचनक्रमांत नाही. कॅथलिक मिस्सेच्या रोजच्या वाचनांत राजांचे दुसरे पुस्तक सतराव्या अध्यायावरून थेट एकोणिसाव्यावर जाते, म्हणजे साप फोडल्याचा अध्याय मधे राहून जातो. साप घडवल्याचे दर वर्षी ऐकणाऱ्या माणसाला तो फोडल्याचे कळते ते फक्त त्याने स्वतः पुस्तक उघडले तर. माझ्या मते हे दोन भाग एकाच दिवशी वाचले जायला हवेत, आणि अभ्यासवर्गात ते जोडून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.