कमी पल्ल्याचा बिझनेस क्लास

साधारण तीन तासांच्या आतल्या विमानप्रवासात जादा भाडे घेऊन दिला जाणारा वरचा वर्ग. नाव जवळपास सगळीकडे तेच असले, तरी त्या नावाखाली मिळणारी खुर्ची देशागणिक बदलते.

परक्या प्रवाशाचा सर्वाधिक हिरमोड होतो तो युरोपात. लुफ्तान्सा, ब्रिटिश एअरवेज, एअर फ्रान्स यांच्या ए-३२० जातीच्या, म्हणजे मधून एकच वाट असलेल्या अरुंद विमानांत पुढच्या रांगांतही इकॉनॉमीसारख्याच तीन-तीन खुर्च्या असतात. मधली तेवढी रिकामी ठेवतात आणि मागे पडदा ओढतात. मुंबईहून फ्रँकफुर्टपर्यंत आडवे झोपून आलेल्या माणसाला पुढच्या विमानात आपली जागा चुकली की काय, अशी शंका येते. हिशेब मात्र पक्का आहे. पडदा सरकता असल्याने बिझनेसच्या रांगा दर फेरीच्या मागणीप्रमाणे वाढवता-घटवता येतात; रुंद खुर्च्या एकदा ठोकल्या की ही सोय गेली. प्रवासी पैसे मोजतो ते लाउंज, जेवण, जादा सामान आणि तिकीट बदलण्याची मुभा यांसाठी. शिवाय भरल्या विमानात शेजारी कोणी नसणे, हेही काही कमी सुख नव्हे.

अमेरिकेत नेमके उलट. देशांतर्गत 'फर्स्ट क्लास'मध्ये दोन-दोनच्या रुंद खुर्च्या, पण तेवढ्या तिकिटावर लाउंज सहसा मिळत नाही. उरलेल्या जागा नेहमीच्या प्रवाशांना फुकट देण्याची तिथे जुनी रीत आहे. जपान एअरलाइन्सने २००४ मध्ये 'क्लास जे' आणला, तो सुरुवातीला अवघ्या १,००० येन जादा दरात: खुर्ची ऐसपैस, बाकी थाट बेताचा.

भारतीय प्रवाशाला रुंद खुर्ची हवी आणि गरम जेवणाचे ताटही, मग मुंबई–दिल्ली प्रवास दोन तासांचा का असेना. (देशांतर्गत विमानांत मद्य मिळत नाही, त्यामुळे सगळी भिस्त जेवणावर.) एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए-३२० निओमध्ये बिझनेसच्या ८ खुर्च्या असतात. २००६ पासून एकाच वर्गावर चाललेल्या इंडिगोनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई–दिल्ली मार्गावर १२ खुर्च्यांचा 'स्ट्रेच' हा बिझनेस वर्ग सुरू केला.

आखातात ही पातळी आणखी चढते. एमिरेट्सच्या प्रवासी ताफ्यात अरुंद विमानेच नाहीत, त्यामुळे मुंबई–दुबई ही जेमतेम तीन तासांची फेरीही लांब पल्ल्याच्या विमानानेच होते. फ्लायदुबईने तर ७३७ मॅक्स या अरुंद विमानातही पूर्ण आडवी होणारी खुर्ची बसवली आहे.