‘आणि पार्टी’ ते एकट्याचं नाव : एका अल्बममागची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या एका रॉक बँडचा मुख्य गायक एकट्याच्या नावावर आठ गाण्यांचा अल्बम आणतोय. गाणी घरातली आहेत. वडिलांचं आजारपण, त्यापायी विकलेली चार एकर, गाव सोडताना आईनं न उच्चारलेली वाक्यं. बँड मोडलेला नाही, भांडणही नव्हतं. वाद सुरू झाला तो आठपैकी दोन गाण्यांवरून. ती बँडची जुनी गाणी आहेत, आणि पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्याखाली ‘शब्द-संगीत : संपूर्ण बँड’ असं लिहिलेलं होतं.

ती ओळ एवढी का बोचते, हे कळायला आपल्याकडे गाणाऱ्याचं नाव कसं लावत आले ते पाहावं लागतं. गंगाखेडच्या जनाबाईनं शेवटच्या चरणात ‘नामयाची जनी’ म्हटलं, पैठणच्या नाथांनी ‘एका जनार्दनी’. नाव गाण्यातच शिवलेलं, आणि तेही दुसऱ्याच्या नावाला गाठ मारून. पोवाड्यात शाहीर पुढे, त्याची ओळ उचलून धरणारे झीलकरी मागे. खुलताबादच्या उरुसातली कव्वाली असो की जयंतीतला भीमगीतांचा सामना, पोस्टरवर मुख्य गायकाचं नाव ठळक अक्षरांत आणि त्याच्या शेपटाला दोन शब्द : ‘आणि पार्टी’. ढोलकीवाला, बेंजोवाला, पहाटेपर्यंत गळा ताणणारा कोरस, सगळे त्या दोन शब्दांत मावायचे.

रॉक बँडनं हीच रीत उलटी केली. बँडचं नाव वर, माणसं खाली, आणि सगळी एका मापाच्या अक्षरांत. ‘बँड’ म्हटलं की आमच्याकडे आजही आधी वरातच आठवते, त्यामुळे पहिल्या पोरांना घरी समजावताना फार जड गेलं. १९९०च्या दशकात केबलवर संगीत वाहिन्या आल्या, आणि पुढच्या दहा वर्षांत अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत गिटारी दिसू लागल्या. २००५ नंतरची पाच-सहा वर्षं मी जवळून पाहिली. अशाच एका बँडचा साउंड मी सांभाळायचो. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरातून कापून खोलीच्या दाराला चिकटवलेलं असे आणि सराव त्याच्या हिशोबानं ठरे. अँप्लिफायर एकच, त्यात गिटार, बास आणि माइक तिन्ही. चांगल्या तारा हव्या तर कुणीतरी रात्रीच्या बसनं पुण्याला जायचं. त्या खोलीत गाण्याची सुरुवात कुणी केली आणि शेवट कुणी, हे सांगता येत नसे. ड्रमरनं ठेका बदलला की गायकाची ओळ तुटायची, तुटलेल्या ओळीला नवा शब्द लागायचा, आणि पुष्कळदा तोच गाण्याचा मुखडा व्हायचा. म्हणून ‘संपूर्ण बँड’ ही ओळ मला खरी वाटते. ती कुणी कुणावर केलेली मेहेरबानी नव्हती.

बाहेरच्या जगात हा गुंता आधीच पिकलेला होता. १८ सप्टेंबर १९७८ रोजी ‘किस’ या अमेरिकी बँडच्या चारही जणांनी एकाच दिवशी आपापला सोलो अल्बम काढला, पण चारही मुखपृष्ठांवर नाव बँडचं होतं. मग ‘सोलो’ कशाला म्हणायचं? पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी या गायकाचा पहिला सोलो अल्बम एप्रिल १९८५ मध्ये आला आणि त्याच जुलैत तो आपल्या ‘क्वीन’ या बँडसोबत लंडनमध्ये वेम्बलीच्या मैदानावर उभा होता. सोलो म्हणजे फारकत, ही आपल्याकडची घाई तिथेच खोटी ठरते. त्याच बँडनं १९८९च्या अल्बमपासून गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावे एकत्र द्यायला सुरुवात केली. त्याआधी कुणाचं गाणं घ्यायचं यावरून त्यांच्यात खटके उडत. आमच्या पोरांनी ‘संपूर्ण बँड’ लिहिताना बोट याच उदाहरणाकडे दाखवलं होतं.

गायकाची बाजू दुबळी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. त्या काळातल्या इथल्या बँडच्या गाण्यांत दुष्काळ होता, टँकर होता, आणि कर्ता कायम ‘आम्ही’ होता. वडिलांच्या उशाशी बसून लिहिलेल्या गाण्याला ‘आम्ही’ चालत नाही, हे त्याचं म्हणणं मला पटतं. त्यातच त्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. लॅपटॉप आणि माइक-गिटार त्याला जोडणाऱ्या एका इंटरफेसवर घरीच रेकॉर्डिंग होऊ लागलं, आणि एकट्यानं अल्बम करणं चौघांना एका खोलीत जमवण्यापेक्षा सोपं झालं. बासवाला नोकरीनिमित्त पुण्यात, ड्रमर नांदेडला. मराठवाड्यातले बहुतेक बँड असेच पांगलेत.

कायद्यानं मात्र हा प्रश्न भावनेवर सोडलेला नाही. १९५७चा कॉपीराइट कायदा शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांना तीन वेगळ्या कृती मानतो. संगीत लिहून काढलेलंच असावं ही जुनी अट १९९४च्या दुरुस्तीनं गेली, म्हणून खोलीत तोंडी घडलेलं गाणंही कायद्याला दिसतं. ज्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही ते सहकर्ते. त्यांतल्या एकाला बाकीच्यांच्या संमतीशिवाय परस्पर परवाना देता येत नाही. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क आणखी पक्का केला. पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते संपून पाच वर्षं उलटली की वैधानिक परवान्यानं, म्हणजे मालकांच्या होकाराशिवाय कायद्यानंच मिळणाऱ्या परवान्यानं, कुणालाही नवं ध्वनिमुद्रण करता येतं. पण त्यासाठी किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. घरी गाणं बनवणाऱ्याला ती वाट बंदच आहे. राहते ती एकच वाट, चौघांनी बसून होकार देण्याची.

म्हणजे अडलंय ते पैशावर नाही. या गाण्यांतून आजवर आलेल्या पैशात एक दिवसाचं स्टुडिओभाडंही निघालेलं नाही. स्ट्रीमिंगवर गाणं चढवताना मुख्य कलाकार, गीतकार, संगीतकार असे रकाने भरावे लागतात आणि ऐकणाऱ्याच्या पडद्यावर ठळक दिसतो तो पहिलाच. ड्रमरनं मला फोनवर विचारलं, “म्हंजे आपण झीलकरी हाव का?” त्याच्या आजोबांनी गावच्या गायन पार्टीत तीस वर्षं ढोलकी वाजवली. एकाही पोस्टरवर त्यांचं नाव नाही. हे सांगताना त्याचा आवाज भरून आला होता, आणि या वादात माझा कल कुठे झुकतो हे मी लपवणार नाही.

आत्ताची स्थिती अशी आहे. गायक ती दोन गाणी वगळून सहाचाच अल्बम काढायला तयार आहे. बाकी तिघांना ती वगळायला नको आहेत. मुख्य कलाकार म्हणून त्याचंच नाव राहू दे, पण संगीतकाराच्या रकान्यात चार नावं लिही, एवढंच त्यांचं मागणं आहे. दिवाळीत चौघं संभाजीनगरला येतील तेव्हा बसायचं ठरलंय.