प्लॉटवरची झाडे: खोडांची गणती झाली, मुळांची राहिली

शहरातल्या झाडांना महाराष्ट्रात कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आणि परवानगीशिवाय तोडीला बंदी ही चौकट तिथून आली. खासगी आवारातले झाडही त्यात धरले गेले, हे फार मोलाचे होते. हिशेब मात्र खोडांचा राहिला: किती ठेवणार, किती तोडणार, किती दुसरीकडे लावणार.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरे इथे मेट्रो कारशेडसाठी रातोरात झाडे पडली आणि सर्वोच्च न्यायालयाला तोड थांबवावी लागली. त्यानंतर २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावण्याचे बंधनही घातले. वयाला किंमत आली हे चांगलेच झाले, पण ती तोडल्यावर मोजायची किंमत आहे.

‘ठेवणार’ या रकान्यातली झाडेही बांधकामानंतर दोन-चार वर्षांत वाळतात, कारण नकाशावर झाड म्हणजे एक ठिपका असतो, मुळांची जागा त्यात दिसतच नाही. ब्रिटनमध्ये बांधकामात झाडे जपण्यासाठी बीएस ५८३७ हे मानक १९८० पासून आहे. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास घ्यायचा आणि त्याच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखायचे. त्रिज्या जास्तीत जास्त १५ मीटर. म्हणजे १.८८ मीटर घेराच्या चिंचेचा व्यास ६० सेंमी, त्रिज्या ७.२ मीटर, क्षेत्र साधारण १६३ चौ. मी. ५०० चौ. मी.च्या प्लॉटचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका झाडाला! आपल्याकडची सामासिक अंतरे (इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा) बहुधा याहून कमी असतात आणि तळघर त्यांच्याही खाली सरकते. म्हणूनच हे वर्तुळ आर्किटेक्टच्या पहिल्या रेखाटनाआधी, मोजणी नकाशावरच पडायला हवे.

झाड मरते ते बहुतेकदा कुऱ्हाडीविना. अन्न-पाणी शोषणारी मुळे मुख्यतः वरच्या ६० सेंमी मातीत असतात. तिथे मिक्सरची ये-जा झाली, खडी-वाळूचे ढीग पडले की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. जोत्याच्या पातळीला आणायला बुंध्याभोवती मुरूम भरला तरी तेच होते. त्यामुळे जुने बांधकाम पाडायच्या आधी वर्तुळाभोवती पक्के पत्र्याचे कुंपण घालावे. खोडाला गोणपाट गुंडाळल्याने मुळे वाचत नाहीत.

सगळे सांभाळूनही घात होतो तो शेवटी, ड्रेनेज आणि केबलच्या चरांनी. इमारतीच्या नकाशात ते नसतात, आणि मोकळी जागा म्हणून नेमके राखलेल्या वर्तुळातून जातात. मार्ग वळवता येत नसेल तर तेवढा भाग जेसीबीने न खणता हाताने खणावा, २५ मिमी किंवा त्याहून जाड मूळ तोडू नये, पाइप त्याच्या खालून सरकवावा.