छापी, मुहनाल आणि पाइप : मराठवाड्यातील तंबाखू ओढण्याची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात पाइप ओढणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच असतील, पण ती एकत्र जमली की बोलणे बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होते : "आज काय भरलंय?" मग कोणी व्हर्जिनिया आणि बर्ली या तंबाखूच्या प्रकारांचे प्रमाण सांगतो, कोणी धुरकट वासाच्या लटाकियाची चिमूट जरा जास्तच पडल्याची कबुली देतो, तर कोणी नुसताच पाइप पुढे धरून त्याच्या लाकडावरची नक्षी दाखवतो. हा प्रश्न साहेबाच्या पाइपाबरोबर इकडे आला, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात चावडीच्या ओट्यावर बसताना तो इथे कितीतरी आधीपासून विचारला जात होता. फरक इतकाच, की चावडीवर तंबाखूबरोबर चिलीमही या हातातून त्या हातात जात असे, आणि आज तंबाखूची पिशवी फिरते पण पाइप ज्याचा त्याच्याकडेच राहतो. ओढण्याचे साधन कोणाच्या ओठांना लागावे आणि कोणाच्या लागू नये, याभोवतीच मराठवाड्यातील धूम्रपानाचा बराचसा इतिहास फिरतो.

तंबाखू मुळातली अमेरिकेची. पोर्तुगिजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली, आणि 'तमाखू' हा शब्दही त्यांच्याच 'तबाको'वरून आपल्याकडे रुजला. पैठणला एकनाथ महाराजांनी १५९९ मध्ये देह ठेवला, तेव्हा गोदाकाठच्या सामान्य माणसाला ही वनस्पती बहुधा ठाऊक नव्हती. मात्र त्यानंतर पाचच वर्षांनी ती याच परिसरातून पुढे गेली असावी, असे मानायला जागा आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी अकबराचा मुलगा दानियाल याला दिली होती, आणि १६०४ मध्ये हे लग्न पैठणला गोदावरीच्या काठी लागले. याच सोयरिकीच्या शिष्टाईसाठी अकबराने असदबेग नावाचा आपला सरदार विजापूरला पाठवला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली. उत्तर हिंदुस्थानात असला पदार्थ आपण कधी पाहिला नव्हता, असे तो स्वतःच लिहितो. त्याने ती विकत घेतली, ती ओढण्यासाठी रत्नजडित नळी करवून घेतली, तोंडाशी धरण्याचा भाग येमेनी अकीकाचा बसवला, आणि आदिलशहाने दिलेल्या पानाच्या पिशवीत ती तंबाखू भरून बादशहापुढे ठेवली.

या हकिगतीतील पानाची पिशवी मला त्या रत्नजडित नळीहून अधिक मोलाची वाटते. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या कमरेच्या चंचीत पान, सुपारी, चुना आणि तंबाखू हे सारे पुढे तीनशे वर्षे एकत्र नांदले, आणि त्या सोबतीची एक जुनी लिखित नोंद एका बादशाही नजराण्यात सापडते. अकबराने दोन-चार झुरके घेतले. ज्या औषधाविषयी आपल्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही ते घेऊ नये, असे हकिमाने बजावले. त्यावर असदबेगाने, जगातली प्रत्येक रीत कधी ना कधी नवीच होती, असा युक्तिवाद केला. बादशहाने पुढे ती ओढली नाही, पण दरबारातील उमरावांनी उचलली आणि व्यापाऱ्यांनी तिचा बाजार मांडला. १६१७ मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीचा परिणाम किती झाला, हे पुढच्या चार शतकांकडे पाहून कोणालाही सांगता येईल. पाण्यातून धूर ओढण्याची हुक्क्याची युक्ती अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने काढली, ही कथा अनेक ठिकाणी छापलेली आढळते, परंतु हा हकीम १५८९ मध्येच वारला, म्हणजे असदबेगाची पिशवी दरबारात उघडण्याच्या पंधरा वर्षे आधी. कथा सुरेख असली तरी तारखा तिला साथ देत नाहीत.

त्या काळी आजचा मराठवाडा निजामशाही, बरीदशाही आणि आदिलशाही यांच्यात वाटला गेला होता. ज्या इब्राहिम आदिलशहाच्या राज्यात असदबेगाने तंबाखू पाहिली, त्यानेच १६१३ मध्ये नळदुर्गाचा पाणीमहाल बांधला, हे लक्षात घेतले तर धाराशिवकडच्या मुलखाला ही सवय दिल्लीच्या आधी लागली असणार, असे म्हणण्यास हरकत नाही. शहरांत हुक्का आला; खेड्यांत मात्र चिलीम आली, आणि ती कुंभाराच्या चाकावरून आली. तेरचे गोरोबाकाका तेराव्या-चौदाव्या शतकातले, तेव्हा त्यांच्या चाकावर चिलीम कधी फिरली नसणार. गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, खणताना चिलमीचे तुकडे लागले, तर तो थर सर्वसाधारणपणे सतराव्या शतकानंतरचा समजतात. मडक्यांच्या ढिगात तारीख सांगणारी वस्तू म्हणून या मातीच्या नळीचा असा उपयोग होतो.

चिलीम भरण्याची रीत साधी दिसते, पण ती हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. माझ्या आजोबांच्या चिलमीची जागा ओसरीवरच्या कोनाड्यात होती. वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली ही वीतभर नळी ते आधी उलटी करून जमिनीवर हलकेच ठोकत, आतला गुल झाडत, आणि मग त्यात बोराच्या बीएवढा खडा टाकत. हा खडा निमुळत्या भागात अडकून बसतो. त्यामुळे तंबाखू खाली घसरत नाही आणि धुराला वाटही राहते. तळहातावर चुरलेली तंबाखू ते फार दाबून भरत नसत, कारण दाबली की ओढ लागत नाही आणि सैल राहिली की भसकन जळून जाते. चुलीतला निखारा चिमट्याने वर ठेवायचा, खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची, आणि दोन्ही हातांची मूठ करून अंगठ्याजवळच्या फटीतून झुरका घ्यायचा. पाइपवाले ज्याला राखेचा थर सांभाळणे, हात हलका ठेवून भरणे आणि मंद ओढणे म्हणतात, ते सारे या कृतीत आधीच होते.

छापीचे दोन उपयोग सर्वांना ठाऊक होते : धूर थंड होतो आणि तंबाखूचा बारीक चुरा तोंडात येत नाही. तिसरा उपयोग कोणी मोठ्याने बोलत नसे. फडके आणि मूठ मध्ये असल्यामुळे एका चिलमीवर पाच जण ओढत असले तरी ओठ मातीला लागत नसत, आणि उष्ट्याचा प्रश्न निघत नसे. अर्थात ही सोयही गावाने आखलेल्या रेषेच्या आतच होती. शिवाशिवीच्या काळात गावकुसाबाहेरच्या माणसाची चिलीम वेगळीच असे, आणि चावडीवरची चिलीम त्याच्या हातात जात नसे. एखाद्याला वाळीत टाकले की त्याचे हुक्कापाणी बंद झाले, असे म्हणत, आणि त्या शब्दाचा अर्थ अक्षरशः तोच होता.

म्हणूनच पैठण तालुक्यातील धूपखेड्याच्या चांद पाटलांची कथा मराठवाड्यात इतक्या आवडीने सांगितली जाते. घोडी हरवून हताश झालेल्या पाटलांना आंब्याच्या झाडाखाली एक तरुण फकीर भेटतो आणि चिलीम ओढून जा म्हणतो. तंबाखू आहे, पण विस्तव नाही आणि छापी भिजवायला पाणीही नाही. फकीर चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढतो, सटका, म्हणजे हातातली आखूड काठी, आपटून पाणी काढतो, स्वतः ओढतो आणि मग चिलीम पाटलांच्या हातात देतो. हाच फकीर पुढे शिर्डीचे साईबाबा म्हणून ओळखला गेला. भाविक या कथेत चमत्कार पाहतात. तंबाखूचा इतिहास लिहिणाऱ्याला तीत त्या काळच्या चिलमीला लागणाऱ्या सामानाची बिनचूक यादी दिसते.

हुक्क्याचे जग याहून वेगळे होते. त्याचे सर्वांत देखणे रूप बीदरचे. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे बिदरी काम मराठवाड्याला परके कधीच नव्हते. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतायचे, त्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या रेघांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांच्या लेपाने भांडे चोळायचे. जस्त काळे पडते आणि चांदी तशीच पांढरी राहते. हुक्क्याचे बुड, म्हणजे पाण्याचे भांडे, हा या कारागिरांचा आवडता घाट होता. त्यावर भरायची तंबाखूही नुसती पाने नसत. तंबाखू कुटून तिच्यात गूळ किंवा काकवी कालवत, आणि ती आंबवून, सुगंध घालून मुरवली की तिला खमिरा म्हणत. जहागीरदाराच्या बैठकीत कोणता खमिरा भरला आहे, हे वासावरून ओळखणे हा शिष्टाचाराचा भाग होता. हुक्का बैठकीत फिरे, परंतु शौकीन माणूस तोंडाशी लावायची मुहनाल स्वतःची बाळगत असे. गरिबाने फडक्याने जे साधले, ते श्रीमंताने चांदीच्या किंवा अकीकाच्या तुकड्याने साधले. पाण्यातून आला म्हणून धूर निर्दोष होतो, ही समजूत त्या बैठकीतूनच आली. ती खरी नाही, हे आता वैद्यकाने स्पष्ट केले आहे.

इंग्रजी पद्धतीचा पाइप इकडे आला तो लष्करी छावण्यांतून. निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि त्या काळी मोमिनाबाद म्हणविल्या जाणाऱ्या अंबाजोगाई येथे होत्या. १९०३ मध्ये हे सैन्य हिंदी लष्करात विलीन झाले. युरोपात तोवर मातीचे नाजूक पाइप मागे पडून ब्रायरचे पाइप रूढ झाले होते. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या बुंध्याशी जमिनीत जी गाठ तयार होते, तिचे हे लाकूड. ते उष्णता सोसते आणि सहजी जळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधील सँ-क्लोद या डोंगरी गावाने त्याचे पाइप घडवायला सुरुवात केली. चिलीम फुटली की कुंभाराकडून दुसरी येई. ब्रायरचा पाइप मात्र वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या हातात मुरतो, त्याच्या आत कोळशाचा पातळ थर धरतो, एकदा ओढला की वाळण्यासाठी दिवसभर विश्रांती मागतो, आणि म्हणून षौकिनाकडे एकाऐवजी पाच-सात जमतात. अशी वस्तू दुसऱ्याच्या तोंडी देण्याचा प्रश्नच उरत नाही. वाटून घेता येते ती तंबाखू आणि तिच्याविषयीची चर्चा.

चिलमीचा काळ संपवला तो मात्र पाइपाने नव्हे. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही रेल्वे गोदावरीच्या खोऱ्यातून धावू लागली आणि तिच्याबरोबर काड्यापेटी, विडी आणि सिगारेट खेड्याच्या बाजारात पोहोचली. किनवटच्या जंगलात तेंदूची पाने होतीच. १९३० मध्ये हैदराबादेत वजीर सुलतान टोबॅको कंपनी स्थापन झाली, आणि तिची चारमिनार सिगारेट मराठवाड्याच्या तालुक्यातालुक्यांत ओळखीची झाली. माझ्या मते या साऱ्यांत काड्यापेटीचा वाटा सर्वांत मोठा आहे. निखारा लागत होता तोवर ओढणाऱ्याला चुलीजवळ, शेकोटीजवळ, म्हणजे पर्यायाने दुसऱ्या माणसाजवळ यावे लागे. खिशात काडी आली आणि बांधावर एकट्याने ओढणे शक्य झाले. आमच्याकडे आजही 'विडी पितो' असेच म्हणतात. क्रियापद जुनेच राहिले आणि बैठक मोडली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले, पुढच्याच वर्षी जहागिरी खालसा झाल्या, आणि बिदरी हुक्क्यांची बुडे दिवाणखान्यांत फुलदाण्या होऊन बसली.

१९५८ मध्ये औरंगाबादेत विद्यापीठ सुरू झाल्यानंतर पाइपाला छावणीबाहेरचे गिऱ्हाईक मिळाले. प्राध्यापक, वकील, डॉक्टर यांच्यापैकी काही थोडे पाइपाकडे वळले, त्यात थोडा अभिनिवेशही होता. परदेशी डबे १९९१ पूर्वी सहजी मिळत नसत, तेव्हा मिश्रण घरीच करावे लागे : गुंटूरच्या व्हर्जिनिया पानाची सिगारेट फोडायची, कडकपणासाठी तिच्यात एखादी चारमिनार मिसळायची, आणि कोणाचा नातलग विलायतेहून आला तर त्याने आणलेली लटाकिया महिनाभर पुरवायची. लटाकिया ही शेकोटीच्या धुरात सुकवलेली पूर्वेकडची तंबाखू. तिचा वास आवडायला वेळ लागतो, आणि घरच्या मंडळींना तर तो कधीच आवडत नाही.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी कडकपणे लागू झाली, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी आणली. त्यामुळे पाइपवाल्यांची बैठक आता कोणाच्या तरी गच्चीवर भरते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका गच्चीवर अंबाजोगाईच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपले मिश्रण सर्वांपुढे ठेवले. साध्या व्हर्जिनियावर त्यांनी पातळ केलेली काकवी शिंपडली होती, फडक्यात गुंडाळून ती पाट्याखाली आठ दिवस दाबून ठेवली होती, आणि मग सुरीने तिचे काप काढले होते. परदेशी कारखान्यांतही तंबाखूवर साखरेचे किंवा मळीचे पाणी मारून, दाबून, तिचे असेच काप काढतात, असे एकाने सांगितले. गृहस्थ म्हणाले, "आमच्या आजोबांच्या हुक्क्याला आई असंच करून द्यायची." पिशवी सर्वांच्या हातून फिरली, प्रत्येकाने आपापल्या पाइपात चिमूट चिमूट भरली, आणि गच्चीवर काही वेळ गुऱ्हाळासारखा वास राहिला.