रॅम, कूलर आणि मधले बारा मिलिमीटर

कॅबिनेट आडवं ठेवून मी प्रोसेसरच्या कूलरचा पंखा तिसऱ्यांदा लावून बघत होतो. तारेची क्लिप हीट सिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूच्या पत्र्यांच्या गठ्ठ्याच्या, खाचेत टिक करून बसायला हवी, ती काही केल्या बसेना. वाकून पाहिलं तेव्हा कळलं, पंख्याची खालची कड रॅमच्या डोक्यावर टेकली होती. रॅम हौसेने घेतलेली, वर रंगीत दिव्यांची पट्टी असलेली, उंची ४४ मिलिमीटर. कूलरच्या माहितीपत्रकात मात्र स्वच्छ लिहिलं होतं की पुढच्या पंख्याखाली मोकळी जागा ३२ मिलिमीटर. मग पंखा १२ मिलिमीटर वर सरकवला. क्लिप बसली. पण १६५ मिलिमीटरचा कूलर आता १७७ चा झाला होता आणि कॅबिनेटचं झाकण १७० च्या वर काही चालवून घेईना.

दोन्ही वस्तू उत्तम होत्या. दोन्हींबद्दल मी भरपूर वाचलं होतं, पण वेगवेगळ्या दिवशी. त्या दोघींना एका घरात, एकमेकींना खेटून राहायचंय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढे लक्षात आलं की हा घोळ फक्त उंचीचा नाही. रॅमच्या खोक्यावर वेग छापलेला असतो, प्रोसेसरच्या खोक्यावर वॉट. हे आकडे त्या त्या वस्तूच्या अंगचे आहेत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कॅबिनेट मिळून तो आकडा खरा करतात किंवा खोटा पाडतात.

रॅममधला एक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दारावर पहारा करणारा एक ट्रान्झिस्टर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना ही रचना सुचली, १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि आपल्या संगणकातली रॅम मुळात अजूनही तशीच आहे. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. अडचण एवढीच की ही घागर गळकी आहे. डीडीआर ४ या पिढीच्या रॅममध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावी लागते, म्हणजे तुम्ही नुसते पडद्याकडे बघत बसला असलात तरी सगळी रॅम सेकंदाला पंधरा-सोळा वेळा भरली जात असते. चिप ८५ अंशांच्या वर तापली की गळती वाढते आणि हाच उपद्व्याप दुप्पट वेळा करावा लागतो. भरण्यात गेलेला वेळ कामातून वजा होतो. कूलरच्या पंख्याची थोडी हवा रॅमवरून गेली तर ती वाया जात नाही, ती यामुळे.

आता पिढी. इथे चूक करायला फारसा वाव नाही, कारण चूक बसतच नाही. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्हींना २८८ पिना असतात, लांबीही तीच. पण खालची खाच वेगळ्या जागी असते. ४ ची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, ५ च्या स्लॉटमध्ये जोर लावूनही जाणार नाही, आणि जोर लावूही नये. पहिली १.२ व्होल्टवर चालते, दुसरी १.१ वर. शिवाय डीडीआर ५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप मदरबोर्डवरून उचलून खुद्द स्टिकवर आणून ठेवली आहे. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडीच्या एएम ४ सॉकेटला डीडीआर ४ लागते, एएम ५ ला फक्त ५. इंटेलच्या एलजीए १७०० चे प्रोसेसर दोन्ही चालवतात, पण मदरबोर्ड बहुधा दोन्हींपैकी एकाचाच असतो. म्हणून त्या सॉकेटसाठी रॅम घेताना प्रोसेसरचं नाव पुरत नाही, मदरबोर्डचं पूर्ण नाव लागतं, शेवटच्या अक्षरासकट.

गंमत सुरू होते ती वेगापाशी. खोक्यावर ६००० लिहिलेलं असतं, तुम्ही रॅम लावता, एखादं सॉफ्टवेअर उघडता आणि ते ३००० दाखवतं. फसवणूक झाली असं वाटून तडक भांडायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. डीडीआरमधला पहिला डी म्हणजे ‘डबल’. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यात डेटा दोनदा जातो, एकदा चढावर आणि एकदा उतारावर. ठोके ३००० मेगाहर्ट्‌झचे, डेटा ६००० चा. दोन्ही आकडे खरे.

दुसरा आकडा सीएल. मागितलेल्या माहितीचा पहिला तुकडा हाती यायला किती ठोके थांबावं लागतं, तो हा आकडा. लहान तितका चांगला, हे ठीक. पण ठोका किती लांबीचा आहे हे बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. हिशोब सोपा आहे : सीएलला २००० ने गुणा, वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. डीडीआर ५ ची ६००० ची सीएल ३० रॅम घ्या. १० नॅनोसेकंद. डीडीआर ४ ची ३२०० ची सीएल १६ घ्या. १० नॅनोसेकंद. आता २००३ च्या सुमाराची, पहिल्या डीडीआरमधली ४०० ची सीएल २ घ्या. पुन्हा १० च! मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा चुकलाय असं समजून पुन्हा केला होता. त्या गळक्या घागरीत हात घालून भार आहे की नाही ते तपासायला लागणारा वेळ इतक्या वर्षांत जवळपास तेवढाच राहिला आहे. वाढली ती धार. ४०० ची स्टिक सेकंदाला ३.२ जीबी देई, ३२०० ची २५.६ देते, ६००० ची ४८. आणि दोन स्टिक दोन चॅनेलमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, लावल्या की हे दुप्पट.

म्हणूनच एक मोठी स्टिक घेण्यापेक्षा दोन लहान घ्याव्यात, आणि त्या एकाच पाकिटातल्या घ्याव्यात. दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या, वरून सारख्या दिसणाऱ्या स्टिकमध्ये आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. चालतात बऱ्याचदा. नाही चालल्या तर मात्र दोष कोणाचा हे शोधण्यात शनिवार-रविवार जातो. चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट आधी भरायचा असतो. पहिला आणि तिसरा भरला तर मागे रिकामी राहिलेली तारेची शेपूट सिग्नल परतवते, आणि तो प्रतिध्वनी खऱ्या डेटात मिसळतो. ६००० च्या वेगात एका बिटाच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा सहावा हिस्सा येतो. तिथे प्रतिध्वनी परवडत नाही.

रॅमशी बोलणारा कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असे. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ पासून आणि इंटेलने २००८ पासून डेस्कटॉपमध्ये तो प्रोसेसरच्या पोटात घेतला. तेव्हापासून रॅम किती वेगाने पळणार यात सर्वांत मोठा शब्द प्रोसेसरचा. एएमडीच्या रायझन ७००० या प्रोसेसर-मालिकेचं अधिकृत वचन बघा : दोन स्टिक असतील तर ५२००, चारही स्लॉट भरले तर ३६००. म्हणजे ‘आत्ता दोन घेऊ, पुढे आणखी दोन टाकू’ हा जो शहाणपणाचा वाटणारा बेत असतो, त्यात पुढे जागा वाढते आणि वेग पडतो. माझं मत विचाराल तर पुढची गरज आजच दोन स्टिकमध्ये बसवा. रोजच्या कामाला १६ जीबी भागतं, ३२ मध्ये आराम आहे.

मग दुकानात ६००० च्या रॅम कशा मिळतात? ते वचन रॅम बनवणाऱ्याचं असतं. स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये वेगाचे आणि व्होल्टेजचे तक्ते लिहिलेले असतात. संगणक सुरू होताना त्यातला सर्वांत सावध तक्ता उचलतो, आणि ६००० ची रॅम निमूटपणे ४८०० वर वगैरे चालत राहते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचा पर्याय चालू केला की दुसरा, धाडसी तक्ता लागू होतो. त्यात व्होल्टेजही बहुधा १.१ वरून १.३५ पर्यंत चढवलेलं असतं. कित्येक संगणक वर्षानुवर्षं हे एक बटण न दाबता चालत असतील. आणि हे अर्थातच ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत वेगाच्या पुढे पळवणं, आहे, त्यामुळे मदरबोर्ड कंपनीने तपासून दिलेल्या रॅमच्या यादीत आपली स्टिक आहे का ते बघणं हा वेळेचा अपव्यय नाही.

आता उष्णता. इस्त्रीचं उदाहरण घेऊ. १००० वॉटची इस्त्री, तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॉट. रायझन ७००० मध्ये प्रत्यक्ष आकडेमोड करणारा सिलिकॉनचा तुकडा जेमतेम ०.७ चौरस सेंटिमीटरचा असतो, करंगळीच्या नखाएवढा. त्यातून १०० वॉट निघाले तर दर चौरस सेंटिमीटरला १४० वॉट झाले. कूलरचं खरं काम थंड करणं हे नसून त्या नखातली उष्णता पसरवणं हे आहे. एकदा ती मोठ्या पृष्ठभागावर पसरली की पुढचं पंखा बघून घेतो.

पसरवण्याचं काम तांब्याच्या नळ्या करतात. त्या भरीव नसतात. आत थोडंसं पाणी, जवळजवळ निर्वात पोकळी आणि भिंतीला तांब्याच्या भुकटीचं सच्छिद्र अस्तर. हवा काढून घेतल्यामुळे पाण्याला उकळायला १०० अंश लागत नाहीत. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, ती पत्र्यांच्या बाजूच्या थंड टोकाला जाऊन पाणी होते आणि अस्तरातून झिरपत परत येते. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी हीट पाइप बनवली होती. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२५० ज्यूल लागतात, त्यामुळे १०० वॉट वाहून न्यायला सेकंदाला साधारण ०.०४ ग्रॅम पाणी पुरतं. सेकंदाला एक थेंब, बस्स.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टबद्दल वाद घालणाऱ्यांना हौस असते. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या घरात, हवेची ०.०२६. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ आरशासारखे दिसले तरी दोघांमध्ये सूक्ष्म खळगे राहतात आणि त्यांत हवा बसते. पेस्ट तांब्यापुढे अगदीच सुमार, पण हवेपेक्षा शंभरपटीहून सरस. वाटाण्याएवढी लावा आणि पुढे चला.

वॉटचा आकडा मात्र नीट वाचावा लागतो. एएमडीच्या १०५ वॉट टीडीपीच्या (म्हणजे खोक्यावर १०५ वॉट लिहिलेल्या) प्रोसेसरला सॉकेटमधून १४२ वॉटपर्यंत घेण्याची मुभा असते, १७० वाल्याला २३०. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के वर मूळ शक्ती १२५ आणि कमाल २५३ असे दोन आकडे दिलेले असतात. कूलर घ्यायचा तो मोठ्या आकड्याकडे बघून. घेतला नाही तर प्रोसेसर जळत वगैरे नाही; तो ठरलेल्या मर्यादेला पोचला की स्वतःच वेग कमी करतो. रायझन ७००० च्या बहुतेकांची ती मर्यादा ९५ अंश आहे आणि भरपूर काम दिलं की ते तिथपर्यंत मुद्दाम जातात. मोठा कूलर बसवूनही तापमान ९५ च दिसतं म्हणून निराश होऊ नका, तेवढ्याच तापमानात तो आता जास्त वेगाने पळत असतो.

जुना कूलर नव्या बोर्डावर नेणार असाल तर भोकं मोजा. इंटेलच्या एलजीए १२०० ला चार भोकं ७५ मिलिमीटरच्या चौरसात होती, १७०० ला ७८ च्या. नवा माउंटिंगचा संच लागतो. एएम ४ वरून एएम ५ वर जाताना भोकं तीच राहतात, पण मागची पट्टी आता सॉकेटला कायमची जोडलेली असते. स्वतःची पट्टी आणणारे कूलर तिथे अडतात.

पाण्याचे कूलर रॅमच्या डोक्यावर येत नाहीत, हा त्यांचा खरा फायदा. बाकी त्यांत पंप असतो आणि पंप कधीतरी थकतो. रेडिएटरला कॅबिनेटमध्ये जागा आहे का तेवढं बघा, आणि पंप सगळ्यात वर येऊ देऊ नका, कारण आतली हवा वरच जमते.

माझ्या बारा मिलिमीटरचं काय झालं? दिव्यांची रॅम मी परत केली आणि बिनसजावटीची घेतली. रॅमच्या उघड्या स्टिकची प्रमाण उंची ३१.२५ मिलिमीटर असते, ३२ च्या जागेत ती नेमकी मावते. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले आणि पडदा काही मिनिटं काळाच राहिला. डीडीआर ५ मध्ये हे होतं. प्रत्येक तारेवरचा सिग्नल नेमका कधी वाचायचा ते कंट्रोलर त्या वेळात जुळवत असतो. मला ते माहीत होतं, तरी तीनदा केबल तपासलीच. मग चित्र आलं, एक्स्पो चालू केलं, रात्रभर मेमरी टेस्ट लावली, सकाळी चुका शून्य.

झाकण काचेचं आहे. त्यातून बघितलं तर रॅम अजिबात दिसत नाही, पंख्यामागे पूर्ण झाकली गेली आहे. दिवे असते तरी दिसले नसते.