जहाजाच्या पोटातलं आणि जहाजाच्या अंगावरचं

आमच्या मालवणात खडपावर एखादं अनोळखी शिंपलं दिसलं, की कोणीतरी ठामपणे सांगतंच, "परदेशी बोटी पाणी सोडतत ना, तेच्यातसून इला." परवा अंटार्क्टिकात शिनाण्यांची (खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांची) पिल्लं सापडल्याची जुनीच बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आली. तिच्याखालीही हेच निदान: बॅलास्ट. मालवणचं औषध दक्षिण ध्रुवालाही चालतं म्हणायचं!

बॅलास्ट म्हणजे काय ते थोडक्यात उरकतो. कोकणात दर दोन घरांआड एक माणूस जहाजावर असतो, त्यामुळे माहीत नाही असं कोणी नसेल. माल उतरला की जहाज हलकं होऊन डुलतं, म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं. पुढच्या बंदरात माल चढायला लागला की ते सोडायचं. त्या पाण्यातून सूक्ष्म शेवाळ, जंतू, कालवा-खेकड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं प्रवास करतात. दुसरी वाट जहाजाच्या अंगावरची: तळाला, सुकाणूला, पंख्याजवळ चिकटून बसलेली बार्नॅकल (कठीण कवचाचे बारके जीव), शिनाणे, शेवाळ. पोटात असतात ती बहुतेक पिल्लं. अंगावर मात्र पिल्लं घालू शकणारे पुरते वाढलेले जीवही असतात. इथपर्यंत कोणाचा घोळ होत नाही.

घोळ होतो तो पुढे. पाणी सोडतं कोण? जे माल भरायला येतं ते. जयगडला कोळसा घेऊन येणारं जहाज भरलेलं येतं, तिथे रिकामं होतं आणि जाताना आपल्याच किनाऱ्याचं पाणी पोटात घेऊन जातं. रेडीला किंवा मुरगावला खनिज न्यायला येणारं जहाज रिकामं येतं, म्हणजे पाणी घेऊन येतं, आणि धोका असलाच तर त्या पाण्याचा. ही सगळी बंदरं एकाच किनाऱ्यावरची, पण बॅलास्टचा हिशेब नेमका उलटा. तेव्हा "जहाज आलं म्हणजे पाणी सोडलं" हे वाक्य मुळात अर्धवट आहे. आधी विचारा, आलं ते भरलेलं की रिकामं?

आता हाच प्रश्न अंटार्क्टिकाला विचारा. तिथून माल भरून आणतो कोण? तिथल्या करारात खनिज काढायला बंदी आहे. आपल्या मैत्री (1989) आणि भारती (2012) या तळांसाठी जहाज जातं ते डिझेल, धान्य, यंत्रं, कंटेनर घेऊन, म्हणजे भरलेलं. तिथे ते हलकं होतं आणि पाणी आत घेतं. रसद पोहोचवणाऱ्या इतर देशांच्या जहाजांचंही साधारण तसंच. म्हणून तिथे बॅलास्टपेक्षा अंगावरून जाणाऱ्या जिवांची चिंता मोठी, असं या विषयातले अभ्यासक निदान 2003 पासून सांगत आहेत. आणि अंगावरून जाणाऱ्याला कोणी पंप सुरू करून सोडावं लागत नाही. जहाज नुसतं नांगरून उभं राहिलं तरी पुरतं.

यावर एक हुशार आक्षेप नेहमी येतो: बर्फातून जाताना तळ घासून निघत नाही का? निघतो. उघड्या पत्र्यावरचं बरंच काही बर्फ खरवडून काढतो. मात्र त्याबरोबर जीव बसू नयेत म्हणून लावलेला रंगही जातो, हे कोणी लक्षात घेत नाही. आणि आडोशाच्या जागा तशाच राहतात.

ती जागा कशी असते ते मी मे महिन्याच्या शेवटी दरवर्षी पाहतो. 1 जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी काकांचा ट्रॉलर वर ओढून शाकारायचा. तळ खरवडताना बार्नॅकल कडाकड फुटतात, दुपारपर्यंत वास नाकात बसतो. एकदा मी सगळं झालं म्हणून पातं खाली ठेवलं, तर तांडेल म्हणाला, "तळ केलंस, पण भोकातला कोण काढतलो?" इंजिन थंड ठेवायला पाणी ओढतात त्या भोकावरची जाळी काढली. मागे बोटाच्या पेराएवढे हिरवे शिनाणे, एकाला एक चिकटून. ना लाटेचा मार, ना पात्याचा, आणि ताजं पाणी आपोआप दारात.

मोठ्या जहाजाला अशीच, पण माणूस आत शिरेल एवढी जाळीबंद पेटी असते. तिला सी-चेस्ट म्हणतात. केपटाऊनहून अंटार्क्टिकाला रसद नेणाऱ्या एका जहाजाच्या सी-चेस्टमध्ये भूमध्य समुद्राकडचे शिनाणे तिथली फेरी करूनही जिवंत राहिल्याचं 2007 मध्ये नोंदलं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या बातमीतली पिल्लं 2019 मध्ये अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर सापडली. त्यांच्याबाबत संशय जहाजांवरच आहे, पण "बॅलास्टच" असं छातीठोक कोणी सांगितलेलं नाही. आणि सापडली म्हणजे रुजली असंही नाही. रुजली तर मात्र कठीण, कारण तिथल्या उथळ पाण्यात कवच फोडून खाणारे खेकडे जवळपास नाहीतच.

जहाजाशिवाय कोणी पोहोचतच नाही, असंही नाही. त्याच बेटावर दूरच्या बेटांकडचं एक जाडजूड समुद्री शेवाळ लाटांबरोबर वाहत आलेलं सापडलं. त्यातला एक तुकडा हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या केर्गेलेन बेटांकडून सुमारे 20,000 किमी वाहत आला होता, असं 2018 मध्ये जनुकांवरून कळलं. वादळी लाटांनी त्याला अंटार्क्टिकाभोवती फिरणाऱ्या ध्रुवीय प्रवाहाच्या पलीकडे ढकललं. अंटार्क्टिका कुलूपबंद आहे, ही समजूत तिथेच सैल झाली.

नियमांतही हाच घोळ उमटलेला दिसतो. पोटातल्या पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा 2004 चा करार आहे, तो 8 सप्टेंबर 2017 पासून लागू झाला आणि बंधनकारक आहे. अंगावरच्या जिवांसाठी त्याच संघटनेची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2023 मध्ये सुधारलेली, पण ऐच्छिक. पाणी कुठे घेतलं, कुठे सोडलं याची नोंदवही ठेवावीच लागते. सी-चेस्ट कधी साफ केली याची ठेवावी, अशी शिफारस आहे.